मास्तर राईट घेत नाहीत

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझी नेमणूक फक्त उजवीकडे वळण्यासाठी झाली होती. हसू नका, खरं सांगतेय. शाळेत शिकवणारे दोघंच, मास्तर आणि मी. क्लच, गियर, रिव्हर्स, चढावर गाडी थांबवणं आणि डावीकडची सगळी वळणं मास्तरांकडे. उजवं वळण आलं की गाडी कडेला उभी राहायची. मास्तर उतरायचे, मी मागच्या सीटवरून उठून त्यांच्या जागेवर बसायचे आणि शिकाऊकडून वळण घेऊन पलीकडे थांबायचे. मास्तर चौक पायी ओलांडून यायचे, रुमालानं मान पुसायचे आणि परत गाडीत बसायचे. पोरं मला 'राईटच्या मॅडम' म्हणायची. आमच्या घरी पण तेच नाव पडलं होतं.

एकटे असले की मास्तरांची वेगळी युक्ती असायची. उजवीकडे जायचंय ना, मग चौक सरळ ओलांडायचा, पुढं जाऊन डावीकडे, परत डावीकडे, परत डावीकडे. झालं. "तीन लेफ्ट म्हंजे एक राईट," ते सांगायचे. "पेट्रोल जातं थोडं, पण इज्जत राहती." घरातला गॅस संपला म्हणून काकूंनी त्यांना समोरच्या गल्लीत पाठवलं, तर मास्तर अर्ध्या नाशिकला प्रदक्षिणा घालून सिलिंडर आणायचे. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या बाईला तर मी रोज मनातल्या मनात नमस्कार करायचे.

हे सगळं कशामुळे, तर खड्यामुळे.

कानाला खडा आपण सगळेच लावतो. पुन्हा त्या नणंदेकडे जाणार नाही, कानाला खडा! असं म्हणायचं आणि दिवाळीला डबा घेऊन तिच्याच दारात उभं राहायचं. मास्तर खरोखरचा लावायचे. काही बिनसलं की तिथल्या तिथं खाली वाकायचे, एखादा बारका खडा शोधायचे, फुंकर मारून साफ करायचे, उजव्या कानाच्या पाळीला टेकवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "कानाला खडा." मग तो खडा खिशात, आणि खिशातून गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात. आणि एकदा लावला की लावला, मग ब्रह्मदेव आला तरी नाही. स्टेपनी कुणाला द्यायची नाही, कानाला खडा. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला एकाच गाडीत शिकवायचं नाही, कानाला खडा. मिसळीवर परत तर्री मागायची नाही, कानाला खडा. काकूंना गाडी शिकवायला घेतलं तेव्हा "क्लच सोड, क्लच सोड" असं इतक्यांदा ओरडले, की काकूंनी क्लच सोडला, स्टिअरिंग सोडलं, गाडी सोडली आणि चालत घरी गेल्या. त्या दिवशीचा खडा चांगला मोठा होता म्हणे.

खण असा गच्च भरलेला. गाडी वळली की सगळे खडे एका अंगाला घरंगळत जायचे आणि वळण संपलं तरी थोडा वेळ खुळखुळत राहायचे. नवा शिकाऊ घाबरायचा. "मास्तर, इंजिनात काहीतरी वाजतंय."

"इंजिन नाय ते, माझी अक्कल वाजती हाय," मास्तर म्हणायचे. "तू समोर बघ."

राईटचा खडा माझ्या नोकरीच्या आधीचा. मास्तर मूळचे चांदवडचे, ऐन उमेदीत आग्रा रोडवर कांद्याचा ट्रक चालवायचे. मग नाशकात येऊन शाळा काढली. एकदा एका शिकाऊनं भर द्वारकेत उजवं वळण घेताना गाडी बंद पाडली. समोरून कांद्यानं भरलेला पिकअप येत होता, त्यानं करकचून ब्रेक मारला, मागच्या गोण्या फुटल्या आणि चौकभर कांदेच कांदे. पिकअपवाला निघाला मास्तरांचा सख्खा मामेभाऊ. त्यानं चारी रस्त्यांची वाहतूक अडवून, बालपणापासूनची मास्तरांची सगळी उणीदुणी मोठ्यानं काढली. हवालदारानं मास्तरांना कांदे वेचायला लावले. शेवटचा कांदा गोणीत टाकला, आणि तिथंच चौकाच्या मधोमध वाकून मास्तरांनी खडा उचलला. "ह्या जन्मात राईट मारणार नाय!"

तुम्ही म्हणाल, असला माणूस गाडी काय शिकवणार! पण मी त्यांचीच शिकाऊ. माझ्या नवऱ्यानं "तुला स्कूटी धड उभी करता येत नाही, कार काय चालवणार" म्हणून माझी हवाच काढून घेतली होती. पहिल्या दिवशी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळून धरलं की किल्ली फिरवायला हातच उरला नाही. मास्तर डावीकडच्या सीटवर. शिकवायच्या गाडीत तिथं एक जादा ब्रेक असतो, त्यावर पाय. ते म्हणाले, "ताई, घाबरायचं नाय. ब्रेक माझ्याकडं हाय." बास, एवढंच. महिनाभर रोज हे वाक्य, आणि एकदाही त्यांनी तो ब्रेक उगाच दाबला नाही. माझ्यावर इतका भरवसा आई-बापानंसुद्धा कधी टाकला नव्हता.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी मोबाइलचा अलार्म बंद करायला मास्तर उजव्या कुशीवर वळले आणि खोली फिरायला लागली. पंखा बंद होता, तरी तो फिरत होता. कपाट, दार, कॅलेंडर, सगळी मिरवणूक गोल गोल. मास्तरांनी आरोळी ठोकली, "भूकंप! भूकंप!" आणि काकूंचा हात धरून, भिंती चाचपत जिन्यानं खाली. झालं, सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये. कुणी टॉवेलवर, कुणाच्या तोंडात ब्रश. आणि जमीन आपली ढिम्म. मास्तर स्कूटरला धरून उभे आणि सगळे त्यांच्याकडे बघतायत.

"पित्त झालं असेल," कुणीतरी म्हणालंच. आपल्याकडे माणसाला काहीही झालं तरी आधी पित्त होतं. मग कोकम, आलेपाक, मोरावळा, सगळं झालं. खोली फिरायची ती फिरतच राहिली. उजव्या कुशीवर वळलं की फिरायची, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की फिरायची. मास्तरांनी त्यातून अर्थ काढला तो असा: "बघा ताई, राईट सोडला ते बरोबरच केलं. आता देव बी सांगतोय, झोपेत पन राईट घेऊ नको." कपाळ!

पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या काकांनी मात्र "मानेचा मणका" असा निकाल दिला आणि स्वतःचा मानेचा पट्टा आणून मास्तरांच्या गळ्यात बांधला. आणि गंमत म्हणजे खोली फिरायची थांबली! थांबेल नाही तर काय, मानच हलत नव्हती. मास्तर खुश. पट्टा बांधून शिकवायला लागले. समोर नजर, हनुवटी वर, हलायचं नाव नाही. शिकाऊ विचारायचा, "मास्तर, मागून काही येतंय का?" मास्तर समोर बघतच म्हणायचे, "येऊ दे की. त्याला बी घरी जायचंय." एका मुलीच्या वडिलांना वाटलं, ही काहीतरी खास पद्धत आहे. त्यांनी मुलीसाठी पण पट्टा आणला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते एका दुपारी संपलं. मी मागे बसले होते, एक कॉलेजची पोरगी चालवत होती, मुंबई नाक्याच्या रस्त्याला गाडी चांगली पळत होती. उकाडा म्हणून मास्तरांनी पट्टा काढलेला. पोरीचा पाय क्लचवर आहे का बघायला ते उजवीकडे वळून खाली वाकले आणि एकदम "अगं आई गं" म्हणून त्यांनी ब्रेकवर उभंच राहिल्यासारखा पाय दाबला. गाडी जागच्या जागी. मागून येणारा टेम्पो आमच्या काचेला श्वास लागेल इतक्या जवळ येऊन थांबला. पोरगी रडायलाच लागली. मास्तर दार उघडून उतरले, विजेच्या खांबाला मिठी मारून उभे राहिले. तोंड पांढरं फटक. जरा वेळानं खाली वाकायला गेले, परत झोकांडी गेली, तरी खांब न सोडता एका हातानं खडा शोधलाच. कानाला लावला.

"आजपासनं गाडीत बसणार नाय," ते म्हणाले. "दुसऱ्याची लेकरं असतात गाडीत."

त्यानंतर ते रोज शाळेत यायचे, पण बाहेरच्या बाकावर बसायचे. गाडी सुटली की बघत राहायचे, परत आली की बघत राहायचे. मी एकटी राईट पण शिकवायचे आणि लेफ्ट पण. एकदा चहा पिताना हळूच म्हणाले, "ताई, डोक्यात गाठबीठ असंल. असंल तर असू द्या, मरण काय कुणाला चुकलंय. पन गाडी कायमची बंद म्हनले तर मी रोज सकाळी उठून कुठं जायचं, ते सांगा." त्याच दिवशी मी आणि काकूंनी ठरवलं, आता पित्त नाही आणि मणका नाही, सरळ कानाच्या डॉक्टरकडे. कानाच्या कशाला, तर आमच्याच शाळेत गाडी शिकलेली एक मुलगी कान-नाक-घशाची डॉक्टर झाली होती. फोनवर मी सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, आधी माझ्याकडेच आणा त्यांना."

रिक्षानं गेलो. रिक्षानं उजवं वळण घेतलं की मास्तर डोळे मिटायचे. "डोळे मिटले की तो राईट रिक्षावाल्याचा. आपला नाय."

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत बसवून विचारलं, "मास्तर, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? डोळ्यांपुढे अंधारी येते, नुसता तोल जातो, की गरगरतं?"

"गरगरतं."

"फिरतं कोण? तुम्ही की खोली?"

मास्तरांना प्रश्न फार आवडला. "मी तर आडवा पडलेला असतो, डॉक्टर. फिरणार तर खोलीच ना."

"किती वेळ फिरते?"

"लाल सिग्नलएवढं बी नाय. मागच्यानं हॉर्न द्यायच्या आत थांबतं."

"ऐकायला कमी येतं? कानात शिट्टी वाजते? दडे बसतात?"

"द्वारकेला धंदा करतो मी. ऐकायला कमी आलं असतं तर बरं झालं असतं."

बाई हसल्या. म्हणाल्या, मला अंदाज आलाय, पण खात्री करायची तर एक तपासणी करावी लागेल. टेबलावर बसायचं, मान एका बाजूला वळवायची आणि मी तुम्हाला झटकन मागे आडवं करणार, डोकं टेबलाच्या कडेच्या जरा खाली. डोळे उघडे ठेवायचे, मिटायचे नाहीत. तुमची बुबुळं काय करतात ते मला बघायचंय.

आधी डावी बाजू झाली. मास्तर आडवे झाले, छताकडे टक लावून बघितलं, काही झालं नाही. "पास?" त्यांनी विचारलं.

"आता उजवीकडे."

मास्तर टेबलावर ताठ बसले. "उजवीकडं नाय."

"अहो मास्तर, एकदाच."

"मी राईट घेत नाय. ह्या मॅडमना विचारा, त्यांना पगार त्याचाच देतो."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान डोलावली. काय करणार, खरंच होतं ते.

"डॉक्टर, असं करा," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "माझी मान तीनदा लेफ्टला फिरवा. हिशेब तोच."

"मान आहे ती मास्तर, द्वारका नाहीये!"

काकूंचा बांध फुटला. "अहो, डॉक्टर तरी सोडा! जन्मभर मला गोल गोल फिरवलंत, आता स्वतः फिरताय तरी अक्कल येईना?" पण मास्तर खाली मान घालून, टेबलाची कड घट्ट धरून बसले. तेव्हा मला कळलं, हे खड्याचं नाटक नाही. माणूस घाबरलाय. उजवीकडे वळलं की ती खोली फिरणार, आणि मग डॉक्टर तोंड पाडून काय सांगणार, याची भीती होती ती. मी पुढे झाले, टेबलाच्या टोकाशी उभी राहिले आणि त्यांचे दोन्ही तळपाय माझ्या हातांत धरले.

"मास्तर," मी म्हणाले, "घाबरायचं नाय. ब्रेक माझ्याकडं हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे. मग त्यांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढला. उजवीकडे वळायची खूण! डॉक्टरीणबाई वेळेवर खाली वाकल्या म्हणून त्यांचा चष्मा वाचला. "इंडिकेटर दिला," मास्तर म्हणाले. "आता घ्या."

बाईंनी मान उजवीकडे वळवली आणि त्यांना मागे आडवं केलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग त्यांची बुबुळं नाचायला लागली, झटके देत, गोल फिरत, पकडता येणार नाहीत अशी. "ब्रेक! ब्रेक मारा!" मास्तर ओरडले आणि उजवा पाय त्यांनी माझ्या तळहातावर असा करकचून दाबला की मी भिंतीला जाऊन टेकले, पण पाय सोडला नाही. डॉक्टरीणबाई मात्र लॉटरी लागल्यासारख्या खुश. "सापडलं, सापडलं! डोळे मिटू नका!" आणि जसं सुरू झालं तसं ते आपोआप विरत गेलं.

"थांबलं," मास्तर धापा टाकत म्हणाले. "ब्रेक चांगलाय मॅडमचा."

"मेंदूत काही नाही मास्तर," बाई म्हणाल्या. "गाठ नाही, काही नाही. तुमच्या उजव्या कानातले खडे सटकलेत."

मास्तरांचा चेहरा असा उतरला की गाठ परवडली असती. "कोणते खडे?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"कानातले."

"मी नुसते पाळीला टेकवायचो डॉक्टर! आईशप्पथ! आत कधीच घातला नाय!"

"रोज लावायचे!" काकू म्हणाल्या. "मी सांगत होते!"

बाईंना हसू आवरेना. सगळा प्रकार ऐकल्यावर तर त्या स्टुलावर बसल्याच. मग त्यांनी समजावलं. हे खडे सगळ्यांच्या कानात जन्मापासून असतात, चुन्याच्या कणांएवढे, तोल सांभाळण्यासाठी. कधीकधी ते जागेवरून सुटतात आणि शेजारच्या नळीत शिरतात. तिथं पाणी असतं. डोकं वळलं की खडे घरंगळतात, डोकं थांबलं तरी जरा वेळ घरंगळतच राहतात, आणि कान मेंदूला सांगत बसतो की अजून फिरतोय, अजून फिरतोय.

"म्हणजे आपल्या डॅशबोर्डच्या खणासारखं," मी म्हणाले.

मास्तरांनी चुटकी वाजवली. सगळं समजलं त्यांना. "मग बाहेर काढायचे?"

"नाही, जागेवर नेऊन ठेवायचे. आत्ताच, इथंच." आणि बाईंनी त्यांना परत उजवीकडे आडवं केलं, खोली परत फिरली, ब्रेक परत माझ्या हातावर बसला. ती थांबल्यावर त्यांनी डोकं हळूहळू डावीकडे वळवलं. मग अंगासकट आणखी डावीकडे, कुशीवर. मग तोंड जमिनीकडे, आणखी डावीकडे. मग उठवून बसवलं. मास्तर जरा डुलले, मग आमच्या तिघींकडे विजयी नजरेनं बघत म्हणाले, "मोजलं का? शेवटी लेफ्ट, लेफ्ट, लेफ्टच! मी आधीच सांगत होतो."

काही दिवसांनी परत तपासलं तर बुबुळं जागेवर. बाई म्हणाल्या, पुन्हा झालं तर या, पण आता खुशाल शिकवा. दुखणं गेलं. पण मास्तर बाकावरून उठेनात. खडा लावला होता ना, गाडीत बसणार नाही म्हणून! आम्ही हात टेकले. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं? सटकलेला खडा जागेवर ठेवला की माणूस मोकळा. तुम्ही उचललात तो रस्त्यावरनं. त्याची जागा रस्त्यात. ठेवून या की!"

मास्तरांनी बाक सोडला. मग खण उघडला, आतले खडे पालथे घातले आणि त्यातले दोन वेगळे काढले. कुठला कशाचा, ते त्यांना बरोबर माहीत होतं. एक खडा ते पायी जाऊन त्या विजेच्या खांबाशी ठेवून आले. आले ते थेट गाडीच्या डावीकडच्या सीटवर बसले. मी ड्रायव्हरच्या जागेवर होते. दुसरा खडा त्यांच्या मुठीत.

"चला," ते म्हणाले. "द्वारका. राईटचा इंडिकेटर द्या."

आणि काय सांगू, इतकी वर्षं राईट शिकवणारी मी, भर चौकात माझीच गाडी बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न. बस, रिक्षा, पिकअप, सगळे आमच्या नावानं बोंबलतायत. मला घाम फुटला. मास्तरांनी शांतपणे दार जरासं उघडलं, वाकून खडा रस्त्यावर ठेवला, बोटानं नीट बसवला आणि दार लावलं.

"आता करा सुरू. ब्रेक माझ्याकडं हाय."

गाडी सुरू झाली. मी स्टिअरिंग फिरवलं. खणातले उरलेले खडे घरंगळत एका बाजूला गेले, खुळखुळले. मास्तरांनी मान पूर्ण उजवीकडे वळवली, माझ्या पलीकडे, येणाऱ्या गाड्यांकडे बघायला. मला राहवेना.

"मास्तर, फिरतंय कोण?"

त्यांनी खड्यांचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली.

"गाडी," ते म्हणाले. "बाकी सगळं जागच्या जागी हाय."